उतारवयातील पेरणी



योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातील निकदेम आपल्या परिचयाचा आहे. रात्रीच्या वेळी तो प्रभू येशूकडे आला आणि नव्या जन्माविषयी ऐकून गोंधळला. त्याने विचारलेला प्रश्न आपण अनेक प्रवचनांत ऐकला असेल. पण त्यातील एका शब्दाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. माणूस पुन्हा कसा जन्मेल एवढेच त्याने विचारले नाही. म्हातारा झालेला माणूस कसा जन्मेल, असे त्याने विचारले. त्याचे वय शास्त्रात दिलेले नाही, तरी प्रश्नावरून तो उतारवयाचा असावा असे वाटते. तो यहुद्यांचा अधिकारी होता, इस्राएलाचा गुरू होता. मिळवायचे ते सारे मिळवून झाले होते. असा माणूस अंधारात येऊन विचारतो की, आता माझ्यात काही नवे घडेल काय?

हा प्रश्न आज आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांच्या मनात आहे, पण तो उघडपणे कोणी विचारीत नाही. शाळेतून, रुग्णालयातून वा रेल्वेतून निरोप मिळतो. शाल आणि श्रीफळ घेऊन माणूस घरी येतो. मुले दूरच्या शहरांत वा परदेशी गेलेली असतात. कित्येकांचा जोडीदार प्रभूमध्ये निजलेला असतो. चाळीस वर्षे म्हटलेली प्रार्थना ओठांवर तशीच असते, पण आत ओल उरलेली नसते. हे सांगायचे तरी कोणाला? मंडळी तर आपल्याला खांब समजत असते, आणि खांबाने डळमळू नये अशी सर्वांची अपेक्षा असते.

अशा वेळी माणूस बहुधा दोहोंपैकी एक मार्ग धरतो. कोणी म्हणतो, "आता काय राहिले आहे? प्रभू बोलावील तेव्हा जायचे." हे बोलणे भक्तीचे वाटते; पण पुष्कळदा तो थकवाच असतो, त्याने केवळ विश्वासाचे वस्त्र पांघरलेले असते. दुसरा याच्या उलट करतो. तो मंडळीच्या पंचमंडळातील खुर्ची सोडीत नाही. हिशेबाची वही आणि कपाटाची किल्ली तो आपल्याच हाती ठेवतो, आणि तरुणांनी काही सुचविले की आपली जुनी सेवा मोजून दाखवितो. हे दोन मार्ग वेगळे दिसतात, पण दोहोंचे माप एकच आहे. माझ्या हातून काही घडते व ते लोकांना दिसते, तोवरच मला किंमत आहे, असे दोघेही मनातून मानतात. पहिला ते माप लावून निराश होतो. दुसरा ते हातचे जाऊ नये म्हणून झगडतो.

शास्त्रात मात्र वृद्धांचे माप निराळे आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात शिमोन व हन्ना मंदिरात बाळ येशूला पाहतात. शिमोन त्याला हातांत घेऊन देवाचा धन्यवाद करतो. वृद्ध विधवा हन्ना सुटकेची वाट पाहणाऱ्या सर्वांना त्याच्याविषयी सांगू लागते. त्यांनी पाहिले ते केवळ काही आठवड्यांचे एक बालक. त्या बालकाने सेवाकार्य आरंभिले तेव्हा ते सुमारे तीस वर्षांचे होते. डोंगरावरील प्रवचन, वधस्तंभ, रिकामी कबर, यांपैकी काही पाहण्याइतके आयुष्य हन्नेच्या पदरी उरले नव्हते. तरीही ती बोलली. ज्याचे फळ आपण पाहणार नाही त्या कार्याची साक्ष तिने आनंदाने दिली.

वाचकहो, उतारवयाच्या हेतूचे मर्म मला येथे सापडते. तरुणपणी आपण सत्कर्म करतो तेव्हा त्यात स्तुती, बढती आणि यश यांची भेसळ असते. आपले प्रेम कामावर आहे की त्याच्या फळावर, हे आपले आपल्यालाही कळत नाही. वय झाले की ही भेसळ निवडून काढण्याची संधी मिळते. फळ आपल्या हयातीत येणार नाही हे ठाऊक असूनही जो पेरतो, त्याचे पेरणे हाच विश्वास होय. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय अशाच माणसांविषयी बोलतो. त्यांनी वचनांची फलप्राप्ती दुरून पाहिली, तिला वंदन केले आणि विश्वासातच देह ठेवला.

आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातही अशी माणसे होऊन गेली. पंडिता रमाबाईंनी चाळिशी उलटल्यावर मूळ हिब्रू व ग्रीक भाषांच्या आधारे बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम हाती घेतले. साध्यासुध्या स्त्रीलाही देवाचे वचन समजावे, हा त्यांचा ध्यास होता. केडगावच्या मुक्तिमिशनमधील स्त्रियांनीच त्याचे खिळे जुळविले. १९२१ साली रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. त्यानंतरही त्यांनी ते काम खाली ठेवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला, आणि संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले ते १९२४ साली.

लक्ष्मीबाई टिळक शाळेची पायरी कधी चढल्या नव्हत्या. त्यांना अक्षरओळख करून दिली ती पतीने. १९१९ साली रेव्हरंड नारायण वामन टिळक गेले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अवघ्या दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. पन्नाशी ओलांडलेल्या लक्ष्मीबाईंनी ते अपुरे काव्य पुढे नेले. साठांहून अधिक अध्याय त्यांच्या हातचे आहेत. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली निघाला तेव्हा त्यांचे वय सहासष्टच्या घरात होते. फेब्रुवारी १९३६ मध्ये त्या प्रभूकडे गेल्या. 'ख्रिस्तायन' ग्रंथरूपाने आले त्यानंतर, १९३८ साली.

कोणी म्हणेल, ही थोरांची उदाहरणे झाली; ज्याचे गुडघे धरले आहेत, ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, त्याने काय करावे? आक्षेप खरा आहे, आणि शास्त्राने तो झाकून ठेवलेला नाही. दुसऱ्या शमुवेलाच्या एकोणिसाव्या अध्यायात ऐंशी वर्षांचा बर्जिल्लय आहे. दावीद राजा त्याला यरुशलेमेत आपल्याजवळ राहावयास बोलावितो. तो नम्रपणे नकार देतो. अन्नाची चव कळत नाही, गाणे ऐकू येत नाही, मग राजाला माझा भार कशाला, असे तो सरळ सांगतो. पण तो एवढ्यावर थांबत नाही; आपल्या जागी किम्हाम ह्या तरुणाला राजाबरोबर पाठवितो. मिळालेला मान दुसऱ्याच्या ओंजळीत घालणे हीदेखील पेरणीच आहे, आणि तिला गुडघ्यांचे बळ लागत नाही.

तेव्हा आपल्या हाती काय आहे, ते शांतपणे पाहा. इंदूर, हैदराबाद वा दिल्ली येथे वाढणाऱ्या आपल्या कितीतरी नातवंडांना मराठी बोलता येते, पण वाचता येत नाही. रोज फोनवरून एक ओळ वाचून घेतली तर काही वर्षांनी ते मूल आपल्या भाषेत शास्त्र वाचील. तेव्हा आपण असू किंवा नसू. भावाशी जमिनीवरून वर्षानुवर्षे अबोला असेल, तर त्याच्या दाराशी आधी आपण जावे. पुढच्या पिढीच्या वाट्याला ते वैर येणार नाही. अंथरुणाला खिळलेला माणूसही दहा घरांची नावे घेऊन प्रार्थना करू शकतो. पंचमंडळातील किल्ली तरुणाच्या हाती देऊन, त्याची चूक झाली तरी त्याच्या पाठीशी उभे राहता येते. विश्वास आधी दृढ होऊ दे, मग काम हाती घेऊ, असे म्हणत बसू नका. आतली ओल पुष्कळदा पेरावयास निघाल्यावरच परत येते.

आणि निकदेम? योहान त्याला विसरलेला नाही. एकोणिसाव्या अध्यायात तो पुन्हा दिसतो, गंधरस व अगरू यांचे सुमारे शंभर मापे मिश्रण घेऊन आलेला. शिष्य पांगले होते. प्रभूचा देह निष्प्राण होता. त्या घटकेला त्या सेवेचे कोणतेही फळ डोळ्यांपुढे नव्हते. तरी निकदेमाने योसेफाबरोबर तो देह सुगंधी द्रव्यांसह तागाच्या वस्त्रांत गुंडाळला आणि बागेतील नव्या कबरेत ठेवला. म्हातारा माणूस पुन्हा कसा जन्मेल, ह्या त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला त्याच्या त्या हातांत दिसते. तिसरा दिवस अजून उगवावयाचा होता.