जुळणीला दिलेलं नाव

तेलीबांधा तलावाकाठी फिरताना लेकानं विचारलं, "आई, संगणकात आधी काय बदलायचं?" त्याला गेमसाठी ग्राफिक्स कार्ड हवं, मला लग्नांचे व्हिडिओ जोडायला १६ऐवजी ३२ जीबी रॅम. मोठं कार्ड जास्त वीज खातं, म्हणजे पॉवर सप्लायही बदलणं आलं. सगळंच बदललं, तर संगणक तोच का?

'मिलिंदपञ्ह' या बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतात: चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? नाही, रथ हे जुळणीला दिलेलं नाव. मला वाटतं, माणूसही तसाच. 'मी' कुठल्या एका भागात नाही, म्हणून कुठल्याच भागाचा हव्यास नको. जिथं काम अडतं, तेवढंच बदलावं. एडिटिंग रॅमपाशी अडतं, यंदा रॅम. लेकालाही ते पटलं.