रुईच्या पानाचा हिशेब

माणसाने बँकेत वीस वर्षं काढली की त्याला जगात दोनच गोष्टी दिसतात : नावे आणि जमा. देवाधर्मातही माझं तेच. मला साडेसाती लागली आणि दर शनिवारी मारुतीला २१ रुईच्या पानांची माळ घालायची, असा आईचा हुकूम सुटला. सोसायटीच्या कुंपणाशीच रुईचं झुडूप आहे, म्हणजे खर्च शून्य. मी आनंदाने कबूल झालो.

मागच्या शनिवारी पान खुडायला गेलो, तर त्यावर एक अळी. अंगभर काळे, पांढरे, पिवळे पट्टे, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. झटकायला बोट उचललं, एवढ्यात तळमजल्यावरचे प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक ओरडले, "अहो, थांबा! बिबळ्या आहे तो!"

मी दोन पावलं मागे सरलो.

बिबळ्या कडवा हे फुलपाखराचं नाव निघालं. थंडीच्या आधी अमेरिकेतून हजारो किलोमीटर उडत मेक्सिको गाठणाऱ्या मोनार्कचं हे चुलत भावंड. मोनार्कची अळी तिकडे मिल्कवीडवर जगते, ही इकडे त्याच कुळातल्या रुईवर. ज्या चिकामुळे गुरंही सहसा रुईला तोंड लावत नाहीत, तो ही पचवते आणि त्यातलं विष अंगात साठवते. पुढे फुलपाखरू झालं तरी पक्षी वाटेला जात नाहीत. मुदत ठेवच म्हणा ना! शिवाय दुसऱ्याच जातीची एक मादी हुबेहूब याचे रंग घेऊन फिरते नि याच्या नावावर वाचते. खोटी सही पकडण्यात आमच्या शाखेत माझा हात धरणारा कोणी नाही, पण ही बाई माझ्याही काउंटरवरून सुटली असती.

"मारुतीला एक पान कमी चालेल," सर म्हणाले, "हिला नाही चालणार."

देव मोठा खराच. पण ज्याचा बोजा आधी चढला त्याचा हक्क पहिला, हे मी रोज लोकांना ऐकवतो. मी पान सोडलं, देवळाबाहेर तयार माळ विकत घेतली आणि स्वतःवर खूश होऊन रांगेत उभा राहिलो. सहज एक पान उलटलं. खाली टाचणीच्या डोक्याएवढं पांढरट अंडं.

म्हणजे पाप मी टाळलं नव्हतंच. दुसऱ्या शाखेत वर्ग केलं होतं, वर कमिशनही भरलं होतं. पहाटे उठून शेकडो माळा ओवणाऱ्या त्या बाईला पान न् पान उलटून बघायला वेळ कुठला? तो वेळ माझ्यापाशी होता, आणि मी तो पैसे देऊन वाचवला होता.

ते पान हळूच काढून घेतलं आणि घरी येऊन झुडपाला दोऱ्याने बांधलं.

"एकवीस घातलीस ना रे?" आईने विचारलं.

"वीस," मी म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं.

आईने शांतपणे ऐकून घेतलं. "चांगलं केलंस," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी बावीस घाल."