उलार

दिल्लीच्या संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरात गेलात तर अर्धे ट्रक उभे दिसतात. कारखान्यातून पुष्कळदा नुसती चासी येते. हौदा, फाळके, टपावरचे कॅरिअर हे सारे नंतर बॉडीवाले मिस्त्री बांधतात. गाडी कंपनीने केलेली आणि मिस्त्रीने पुरी केलेली, अशी आपल्याकडची जुनी वहिवाट. त्यामुळे गाडीत फेरफार करणे म्हणजे काही वावगे करणे, असे इथे कोणालाच वाटत नाही.

नोएडातल्या एका स्नेह्याने पिकअप घेतला, तेव्हा मीही त्याच्यासोबत अशाच एका मिस्त्रीकडे गेलो होतो. त्याला हौद्यावर पत्र्याचे बंद छप्पर हवे होते आणि त्यावर तंबू, पाण्याचे कॅन, सुटे चाक राहील असे कॅरिअर. मिस्त्रीने नमुना म्हणून दुसऱ्या गाडीवरचा पाइप धरला आणि त्याला लोंबकळून दाखवले. म्हणाला, "सहा माणसे उभी करा, बाबूजी, वाकणार नाही."

तो खोटे बोलत नव्हता. पण ती गाडी उभी होती. उभ्या गाडीचे टप जेवढे पेलते, तेवढे चालत्या गाडीचे पेलत नाही. म्हणूनच गाडीच्या पुस्तिकेत टपावरच्या भाराची मर्यादा दिलेली असते आणि त्यात कॅरिअरचे वजनही धरायचे असते. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. ओझे जितके उंच, तितकी वळणावर गाडी कलंडायला सोपी. यमुना एक्सप्रेस-वेवर शंभरच्या वेगात एखादा बोल्ट सुटला, तर चाक पडणार ते मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यावर.

स्नेही म्हणाला, "गाडी माझी, पैसे माझे, जीवही माझाच." पहिल्या दोन गोष्टी खऱ्या. तिसरी अपुरी. स्वतःच्या जिवाचा धोका पत्करायला मी मोकळा असेन, पण मागच्या माणसाच्या वतीने तो पत्करायची संमती मला कोणी दिली?

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ हेच बजावते. नोंदणी पुस्तकातला तपशील निर्मात्याच्या मूळ नोंदीशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले. डिसेंबर २०१७मध्ये केंद्राने गाड्यांपुढच्या लोखंडी दांड्यांविरुद्ध कारवाई करायला राज्यांना सांगितले, तेही याच कलमाच्या आधारे. मालकाला त्या दांडीने सुरक्षित वाटते. पण तिची धडक बसते ती पायी चालणाऱ्याला, आणि अधिक जोराने.

इथवर मी निर्धास्त होतो. मग एका पहाटे आझादपूर मंडीजवळ एक 'छोटा हाथी' पाहिला. हौद्यावर लोखंडी अँगल वेल्ड करून ताडपत्री ताणलेली, केबिनच्या टपावरही भाजीचे क्रेट रचलेले. चालक त्या ताडपत्रीखाली झोपला होता. तीच त्याची खोली. माझ्या स्नेह्याची हौस आणि या माणसाची गरज कायद्याने एकाच मापाने मोजायची?

आपल्याकडे बैलगाडीच्या काळचा एक शब्द आहे : उलार. ओझे मागे जास्त झाले की गाडी उलार होते, जू वर उचलले जाते आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. गाडीवान गरीब आहे की सावकार, हे बैलाच्या गळ्याला कळत नाही. मोटारसायकलवाल्यालाही कळणार नाही. गरजेमुळे चूक क्षम्य होते. ओझे हलके होत नाही.

पण म्हणून दोघांना सारखाच दोष देता येणार नाही. ज्याला दुसरा मार्ग आहे, त्याचा दोष मोठा. ज्याला मार्गच नाही, त्याच्या दोषात त्याला कमी फेऱ्यांत जास्त माल आणायला लावणाऱ्यांचा वाटा आहे आणि स्वस्त भाजीवर खूश असणाऱ्या माझाही. त्याची ताडपत्री उतरवणारा दंड न्याय्य ठरायचा, तर त्याला रात्री पाठ टेकायला जागा आधी हवी.

स्नेह्याने शेवटी कॅरिअर सोडून दिले. छप्पर बसवायचे तर आधी आरटीओत विचारायचे ठरवले. सुटे चाक हौद्यात, केबिनला टेकवून, खाली बांधले. त्याला ते परवडले. क्रेट खाली ठेवायचे तर त्या चालकाला आणखी एक फेरी करावी लागेल, आणि त्या फेरीचे पैसे कोणी द्यायचे, हे अजून कोणी ठरवलेले नाही.