दुसरी किल्ली आणि स्वत्वाचा प्रश्न

नव्या मोटारीबरोबर बहुधा दोन किल्ल्या मिळतात. सेकंडहँड मोटारीबरोबर पुष्कळदा एकच. दुसरीची चौकशी केली की ‘हरवली’, ‘गावाकडे राहिली’, ‘शोधून देतो’ अशी उत्तरे येतात, आणि ती खरीही असू शकतात. पैसे चुकते झालेले असतात, आरटीओत नाव चढलेले असते, तरी गाडी सुरू करण्याचे सामर्थ्य कुणाच्या तरी टेबलाच्या खणात पडून असते. मग ती गाडी घेणाऱ्याची पुरती झाली का? वस्तू ‘आपली’ असणे म्हणजे नेमके काय, यावर धर्मशास्त्रकार आणि नैयायिक शतकानुशतके वाद घालत आले आहेत. हा प्रश्न त्याच वादातला आहे.

आधी किल्लीचे स्वरूप पाहावे लागते. साध्या पितळी किल्लीत महत्त्व असते ते दात्यांना. तसेच दाते कापलेला कुठलाही तुकडा कुलपाला चालतो. कालचा कोणता आणि आजचा कोणता, हे त्याला कळत नाही. शब्दाचा अर्थ आकृती की व्यक्ती, या जुन्या वादात मीमांसकांनी आकृतीची बाजू घेतली. पितळी कुलूप त्या अर्थाने मीमांसक आहे. रिमोटवाल्या किल्लीचा मामला वेगळा. तिच्या मुठीत एक बारीक चिप असते आणि किल्ली फिरवायच्या जागेभोवती तारेचे वेटोळे. वेटोळ्यातून चिपला वीज मिळते, चिप आपली ओळख सांगते आणि ती इमोबिलायझरच्या यादीत सापडली तरच इंजिन सुरू होते. रिमोटचा सेल संपल्यावर बटणाने दार उघडत नाही, पण गाडी मात्र सुरू होते, ती यामुळेच. म्हणजे इथे निव्वळ आकार जुळून भागत नाही. अमुक एक व्यक्ती म्हणून ओळख पटावी लागते. ‘डुप्लिकेट चावी’ हा रूढ शब्द त्यामुळे फसवा आहे. नव्याने नोंदवलेली दुसरी किल्ली ही पहिलीची नक्कल नसून यादीतले स्वतंत्र नाव असते. काही जुन्या चिपांची मात्र हुबेहूब नक्कल निघते. तेव्हा माणसाच्या हाती किल्ल्या दोन असतात आणि गाडीच्या लेखी एकच.

आता स्वत्व. परंपरेतली एक व्याख्या अशी, की वस्तूचा यथेष्ट विनियोग करण्याची योग्यता म्हणजे स्वत्व. ऐकायला सोपी, पण किल्लीपाशी ती अडखळते. योग्यता म्हणजे केवळ सामर्थ्य असेल, तर किल्ली पळवणारा चोरही धनी ठरेल. योग्यता म्हणजे अधिकार असेल, तर अधिकार कुणाला या प्रश्नाचे उत्तर ‘ज्याचे स्वत्व त्याला’ असे येते आणि व्याख्या स्वतःभोवतीच फिरू लागते. ही अडचण ओळखून नवद्वीपचा नव्यनैयायिक रघुनाथ शिरोमणी याने स्वत्व हा दुसऱ्या कशातही न विरघळणारा स्वतंत्र पदार्थच मानला. अडचणीला नाव देऊन ती सुटते का, ही शंका उरतेच. पण सामर्थ्य आणि स्वत्व या दोन गोष्टी आहेत, एवढे त्यातून पक्के होते.

त्याच्या कितीतरी आधी, कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी असलेल्या विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरे’त दुसऱ्या बाजूने विचार केला होता. स्वत्व केवळ शास्त्रातून कळते की ते लौकिक आहे? त्याचे उत्तर: लौकिक. ज्यांना शास्त्राचा गंधही नाही अशा सीमेपलीकडच्या लोकांतही खरेदी-विक्री चालते, हा त्याचा पुरावा. याज्ञवल्क्यस्मृतीतला आगम आणि भोग यांचा विचार तर सेकंडहँड गाडीला जवळजवळ बेतून शिवल्यासारखा बसतो. आगम म्हणजे वस्तू रीतसर हाती आल्याचा आधार. भोग म्हणजे प्रत्यक्ष वापर. पिढीजात चालत आलेला भोग सोडला तर आगम भोगाहून बलवान. पण थोडाही भोग नसेल तर आगमालाही बळ नाही. किल्ली हातात देणे म्हणजे हा थोडासा भोग देणे होय.

आजचा कायदा बराचसा याच दोन टोकांत फिरतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले आहे तो. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यातले हस्तांतर १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. नोंद बदलली नाही, तर गाडी केव्हाच विकलेली असूनही अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले. म्हणजे एक यादी आरटीओत आणि दुसरी इमोबिलायझरमध्ये. पहिलीत माणसे, दुसरीत किल्ल्या; पहिली बदलल्याचा दुसरीला पत्ताही नसतो.

विसरून स्वतःकडे किल्ली ठेवणारा जुना मालक चोर ठरत नाही. अस्तेयाचा अर्थ योगसूत्रांवरच्या व्यासभाष्याने मात्र परक्या वस्तूची स्पृहाही नसणे इथवर नेला आहे, आणि ‘असू दे, कधी लागेल’ म्हणून ठेवलेली किल्ली त्या रेषेच्या अगदी काठावर येते. स्वतःच्या मालकीची नसलेली वस्तू विकणे, म्हणजे अस्वामिविक्रय, हे मनूच्या अठरा व्यवहारपदांतले एक आहे. पण वस्तू विकून तिच्यापर्यंतची वाट स्वतःकडे ठेवणे याला वेगळे पद नाही.

उपाय सर्व्हिस सेंटरमध्ये होतो. तिथे आधी आरसी बुक आणि ओळखपत्र पाहतात, म्हणजे आगम तपासतात, मग भोग देतात. रस्त्यावरचा चावीवाला प्रत्येक वेळी इतका काटेकोर असेलच असे नाही. पुष्कळ गाड्यांत नवी किल्ली नोंदवताना यादी पुसून हजर असलेल्या किल्ल्याच पुन्हा चढवता येतात. गैरहजर किल्लीचे नाव तेव्हा कटते आणि तिने इंजिन सुरू होत नाही. तिचे पोलादी पाते मात्र तसेच असते, आणि कुलूप बदलले नसेल तर दार त्या पात्याने पूर्वीसारखेच उघडते.