उघड्या दाराची जबाबदारी

ज्या दारातून आत जाण्यास कोणासही मज्जाव नाही, त्या दारातून एखादा मनुष्य अर्ध्या वाटेवरून परत फिरला, तर दोष कोणाचा? हा प्रश्न वरकरणी पुस्तकी वाटेल. आमच्यापुढे मात्र तो बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात, एका रविवारी सकाळी, उभ्याने कॉफी घेताना आला.

पीण्या हे शहराच्या वायव्येस, तुमकूर रस्त्यालगत वसलेले. यंत्रांचे सुटे भाग घडवणारे, डाय बनवणारे, धातूवर मुलामा चढवणारे, कपडे शिवणारे असे हजारो लहानमोठे कारखाने येथे आहेत. ह्याच वस्तीपासून काही किलोमीटरांवर, यशवंतपूरच्या पलीकडे, १९०९ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था आहे. जुनी माणसे तिला अजूनही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात. अंतर थोडे, पण लेथवर उभ्या असलेल्या कामगारास ते ओलांडणे आजवर दुर्घट होते. ह्या संस्थेने आणि सात आय.आय.टीं.नी मिळून २००३ साली ‘एनपीटीईएल’ हा उपक्रम आरंभिला. २०१७ साली केंद्र सरकारने ‘स्वयम्’ सुरू केले. आज त्या प्राध्यापकांचे व्याख्यान पीण्यातील भाड्याच्या खोलीत, हातातल्या मोबाइलवर ऐकता येते. ऐकण्यास शुल्क नाही. ते प्रमाणपत्राच्या परीक्षेपुरतेच द्यावे लागते. ही गोष्ट लहान नव्हे, आणि तिच्याविषयी कृतज्ञता न बाळगणारा मनुष्य करंटाच म्हटला पाहिजे.

आमच्यासमोर उभा असलेला तरुण बेळगावकडचा. तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन तो येथे सीएनसी यंत्रावर काम करतो. त्याने धातुविज्ञानाच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमास नाव नोंदवले होते. पाचव्या आठवड्यात त्याची रात्रपाळी लागली. व्याख्यान केव्हाही ऐकता येते हे खरे. परंतु गृहपाठ ठरल्या तारखेसच द्यावा लागतो. एक चुकला, मग दुसरा चुकला, आणि पुढे त्याने पाहणेच सोडले. आम्ही कारण विचारले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, “कोणी अडिवलं नव्हतं ओ दादा मला. माझाच दोष.”

त्याच्या पराभवापेक्षा त्याच्या ह्या कबुलीने आम्ही अधिक अस्वस्थ झालो. त्याच्या वडिलांच्या पिढीत ज्यास महाविद्यालय मिळाले नाही, तो निदान परिस्थितीस बोल लावू शकत होता. दार बंद होते हे सर्वांस दिसत होते, आणि बंद दाराची लाज समाजास वाटत असे. आता दार उघडले. त्याबरोबर ती लाजही समाजाच्या खांद्यावरून उतरून ह्या मुलाच्या खांद्यावर येऊन बसली. ज्ञान फुकट झाले. पण ते घेण्यास लागणारा वेळ, झोप आणि एकांत हे पूर्वीइतकेच महाग राहिले. ते कोणी द्यावयाचे, हे मात्र कोणी ठरवले नाही.

कोणी म्हणेल, जिद्द असेल तर सारे साधते. एकलव्यास तरी गुरू कोठे होता? आम्ही नम्रपणे म्हणू की, एकलव्यापाशी गुरू नव्हता, तरी अरण्यातला सारा दिवस त्याचा स्वतःचा होता. शिवाय एकलव्य हा अपवाद, आणि अपवादाची पूजा करावी. त्याच्यावर व्यवस्था उभारू नये.

आपल्या थोरांनी तशी ती उभारलीही नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी शाळा काढली, ती रात्रीची. कारण दिवस त्यांच्या मालकीचा नाही, हे त्यांनी जाणले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. शाळेचे दार उघडून भागत नाही, मुलाच्या पानात भाकरीही पडावी लागते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

आम्हीही मुक्त शिक्षणाचेच ऋणी आहोत. बारावीनंतर कारकुनी पत्करली, आणि नोकरी सांभाळून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली. १९८९ साली निघालेले ते विद्यापीठ नसते, तर आज हा लेख लिहिण्याचे धाडस आम्हांस झाले नसते. पुस्तके घरी आली, परीक्षाही दिली. पण आठवण उरली ती अभ्यासकेंद्रावरच्या एका प्रश्नाची. “मागचे दोन रविवार दिसला नाहीत?” असे तेथील शिक्षकांनी एकदा विचारले होते. आमची अनुपस्थिती कोणाच्या तरी लक्षात आली होती! आम्ही पदवीपर्यंत पोहोचलो, त्यात त्या प्रश्नाचा वाटा पुस्तकांहून कमी नाही.

यंत्रही अनुपस्थिती नोंदवते, आठवणीचा संदेशही धाडते. परंतु नोंद होणे वेगळे आणि कोणास आपली उणीव भासणे वेगळे. म्हणून आमचे मत असे की, उघडे दार हे कर्तव्याची समाप्ती नसून आरंभ आहे. मालकाने परीक्षेच्या आठवड्यात पाळी बदलून द्यावी. कारखान्यांनी मिळून एक शांत खोली द्यावी. आणि आपण, ज्यांस शिक्षणाने बरे दिवस दाखवले, त्यांनी निदान विचारपूस करावी.

इतरांस उपदेश करून स्वतः मोकळे होणे बरे नव्हे. त्या तरुणाने जानेवारीच्या सत्रास पुन्हा नाव घातले आहे. त्याच्याबरोबर आणखी तिघे आहेत. रविवारी सकाळी दोन तास मंडळाची खोली आम्ही त्यांच्यासाठी उघडतो. धातुविज्ञानातले आम्हांस काहीच कळत नाही. कोण आला नाही, एवढे मात्र विचारता येते. आणि तेवढे आम्ही विचारतो.