लेकराचा राग आणि मुक्ताईची ताटी

क्रोधावरचे निरूपण ऐकले नाही असा वारकरी सापडायचा नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी ती सारी उतरंड सांगितली आहे. विषयाचे चिंतन, चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून काम, काम अडला की क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, पुढे बुद्धिनाश आणि शेवटी सर्वस्वाचा घात. हे ऐकून आपण माना डोलावतो. पण सप्ताहाच्या पंगतीत तीन वर्षांचे पोर शेजारच्या पानातली बुंदी हवी म्हणून भुईवर लोळण घेते, पाय झाडते, आईच्या मनगटाला चावते, त्या पोराला कोणते शास्त्र लावायचे? तिथे सगळे गप्प. कोणी म्हणतो, "दोन ठेवून द्या, गप्प बसेल." दुसरा म्हणतो, "देऊन टाका बाबा काय हवं ते, कीर्तनात रड नको." एकाने मारून गप्प करायचे, दुसऱ्याने देऊन गप्प करायचे. पोराला झाले काय, हे विचारणारा तिसरा माणूस पंगतीत नसतो.

आता असे पाहा. भगवंतांची ती उतरंड ज्याच्याजवळ स्मृती आणि बुद्धी आहे त्याच्यासाठी सांगितली. ज्याची बुद्धी अजून घडायचीच आहे, तिचा नाश झाला असे कसे म्हणावे? आजचे वैद्यही हेच वेगळ्या भाषेत सांगतात. मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग माणसाची विशी अर्धी सरेपर्यंत पक्व होत राहतो. दोन-तीन वर्षांच्या वयात असे आकांत सर्वांत जास्त होतात, आणि बोलता येऊ लागले की बहुधा ओसरतात. म्हणजे हा षड्रिपूंपैकी पुरता वाढलेला क्रोध नव्हे. शब्द सापडत नाहीत म्हणून हातपाय बोलतात. थोरांच्या क्रोधाला जी शिक्षा ती या लेकराला देणे म्हणजे रोपाला कुऱ्हाड लावणे आहे. मात्र रोपाला काहीच करू नये असेही नाही; त्याला काठीचा आधार द्यावा लागतो. तो कसा द्यावा, एवढ्यासाठी हा प्रपंच.

आपल्या पुराणात रागावलेले पोर कोण, असे मला कोणी विचारले तर मी पहिले नाव ध्रुवाचे घेईन. आपण त्याची अढळपदाची गोष्ट सांगतो आणि रागाची गाळतो. भागवताच्या चौथ्या स्कंधाचा आठवा अध्याय उघडून पाहा. पाच वर्षांचे पोर. बापाच्या मांडीवर चढू गेले तर सावत्र आई सुरुची टाकून बोलली, आणि उत्तानपाद राजा ऐकून न ऐकल्यासारखा बसला. ध्रुव तिथून निघाला तो काठीने डिवचलेल्या सर्पासारखा फुसकारत, असे व्यासांनी लिहिले आहे. ओठ थरथरत होते. आता सुनीतीने काय केले ते नीट लक्षात घ्या, माऊली. तिने आधी त्याला उचलून मांडीवर घेतले. जी मांडी मिळाली नाही म्हणून तो पेटला होता, ती मांडी तिने आधी दिली. वाड्यातल्या माणसांकडून झाले काय ते सगळे ऐकून घेतले. ती स्वतः रडली. आणि एवढे झाल्यावर मग सांगितले, की दुसऱ्याचे वाईट चिंतू नकोस, नारायणाला शरण जा. उपदेश शेवटी आला. आपण तो पहिल्याने करतो, आणि तोही ओरडून.

याहून मोठी गंमत पुढे आहे. वाटेत नारदमुनी भेटले. ते म्हणाले, बाळ, तुझे खेळायचे वय, तुला कसला मान नि कसला अपमान? प्रत्यक्ष देवर्षीसुद्धा आपल्यासारखेच बोलले! "एवढ्याशा गोष्टीला काय रडायचं" हे वाक्य घरोघरी असते, तेच हे. त्यावर ध्रुवाचे उत्तर काय? सुरुचीच्या बोलण्याने माझ्या काळजाला भोक पडले आहे, तुमचा चांगला उपदेशही त्यात थांबत नाही. पाच वर्षांच्या लेकराचे हे उत्तर प्रत्येक आईबापाने ध्यानात ठेवावे. फुटक्या घागरीत पाणी भरत बसायचे नसते. आणि नारदांची थोरवी अशी, की उलट उत्तर दिले म्हणून ते रागावले नाहीत. त्यांना त्याची करुणा आली. मग त्यांनी त्याला करायला काहीतरी दिले. यमुनेकाठचे मधुवन दिले, श्वासाचा नियम दिला, जपायला नाम दिले. राग पोटात ठेवून "गप्प बैस" म्हटले नाही. त्या रागाला पायवाट काढून दिली.

हे सगळे आपल्या बीड जिल्ह्यात सांगायचे कारण निराळे आहे. दसरा सरला की पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, धारूर, वडवणी या बाजूंच्या गावांतून माणसे उसाला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते; ती फेडायला सांगली, कोल्हापूर, सातारा, थेट कर्नाटकापर्यंत जायचे. तान्हे पोर बरोबर जाते, कोपीत वाढते, पहाटे आई फडात गेली की थोरल्या बहिणीच्या कडेवर असते. आणि ती थोरली असते आठ वर्षांची. शाळेत जाणारे मूल आजी-आजोबांजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात राहते. पाच-सहा महिने. मग कारखान्याचा पट्टा पडतो आणि आई घरी येते.

ती आल्याच्या दिवशी काय घडते ते या गावांतल्या आज्यांना विचारा. पोर धावत येईल म्हणून आई हात पसरते आणि पोर आजीच्या पदराआड दडते. रात्री तिने भरवलेला घास थुंकून टाकते. दुसऱ्या दिवशी तिने आणलेली बाहुली उंबऱ्यावर आपटते, जवळ घेतले तर बुक्क्या मारते. आईचे काळीज फाटते. शेजारीण म्हणते, "विसरलं गं तुला." चुलता म्हणतो, "आजीनं लाडावून ठेवलंय, माजलंय." माझे म्हणणे असे, की ते विसरलेले नाही नि माजलेलेही नाही. विसरले असते तर रागावले कशाला असते? रुसायला आपले माणूस लागते. परक्या बाईवर कोणी लेकरू रुसत नाही. सहा महिने ज्या हाका कोणी ऐकल्या नाहीत, त्या साऱ्या ते एका दिवसात हातापायांनी मारते आहे. अशा वेळी आईने त्या बुक्क्या प्रेमाचा उलटा झालेला पदर समजाव्या. हात धरावा, लागू देऊ नये, पण उठून जाऊ नये.

उठून न जाणे ही फार मोठी साधना आहे, आणि ती आपल्याला मुक्ताईने शिकवली आहे. मुक्ताईचा जन्म शके 1199 चा की 1201 चा हा वाद पंडितांनी घालावा. चौघा भावंडांत ती धाकटी, एवढे सर्वांना मान्य आहे. परंपरा सांगते की आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले तेव्हा ही चारही लेकरे पोरकी झाली. राग येण्याचा अधिकार कोणाला असेल तर या चौघांना होता. एक दिवस कोणी टवाळ वाईट बोलले आणि ज्ञानोबारायांसारखा शांतीचा सागर खवळला. झोपडीची ताटी लावून आत बसला. ताटी म्हणजे काय, कुडाचे झापड ते. एका लाथेने पडले असते. मुक्ताईने ते पाडले नाही. ती बाहेर उभी राहिली आणि बोलत राहिली. तिचे ते अभंग आपण वारीत म्हणतो, पण त्यांतली रीत पाहा. तुला राग आलाच कसा, असा जाब ती विचारत नाही. तू मुळात कोण आहेस, याची दादाला आठवण देते. बोलणारा आणि ऐकणारा एकाच देहाचे अवयव आहेत, हे दात आणि जिभेच्या साध्या दाखल्याने दाखवते. आणि दार उघडेपर्यंत दारातून हलत नाही.

या मुक्ताईची पालखी दरसाल आषाढीला मुक्ताईनगराहून निघून आपल्या बीडवरून पंढरीला जाते. बीडला तिचे आजोबा गोविंदपंत यांची समाधी असल्याने वारकरी त्याला नात-आजोबांची भेट म्हणतात. ज्या जिल्ह्यात निम्मे वर्ष नातवंडे आजोबांच्या हाती असतात, त्या जिल्ह्यात ही भेट व्हावी, यात मला पांडुरंगाचीच योजना दिसते.

आता थोडे व्यवहाराचे. पोर पेटले की आधी पाहावे, ते भुकेले आहे का, झोपेला आले आहे का. निम्मे राग इथेच विझतात. हरिपाठाच्या वेळेला पोर किरकिर करते, कारण त्याची जेवणाची वेळ टळलेली असते. आपण मात्र त्याला नास्तिक ठरवून मोकळे होतो! नाथमहाराजांनी गोदेच्या वाळवंटात पोळणारे पोर उचलले, तेव्हा कोणाचे, कुठले, हे विचारत बसले नाहीत. आधी तापल्या वाळूवरून उचलले. तसेच हे. गर्दीतून बाजूला न्यावे, पाणी पाजावे, आपला आवाज खाली आणावा. आपण ओरडून त्याला शांत करू म्हणणे म्हणजे रॉकेल ओतून चूल विझवणे.

मग त्याच्या वतीने शब्द आपण द्यावा. "तुला राग आलाय, खेळ मोडला म्हणून." एवढेच. लेकराला आपल्या आतल्या जाळाचे नाव कळले की तो जाळ निम्मा होतो. पुढच्या वेळी ते दगड उचलण्याऐवजी ते नाव उच्चारते. श्वास शिकवायचा तर तो शांत वेळी, खेळात शिकवावा. लांब श्वास घ्यायचा आणि सोडताना हळूहळू "विठ्ठल" म्हणायचे, मेणबत्तीची ज्योत हलेल पण विझणार नाही असे. आग लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही. दांडग्या पोराच्या हाती टाळ द्यावेत, पावली शिकवावी. ज्या हातापायांना आपटायचेच आहे त्यांना ठेका मिळतो.

मात्र एक धरून ठेवा. लोळण घेतली म्हणून मागितलेली वस्तू देऊ नये. जवळ घ्यावे, डोळे पुसावे, पण बुंदी शेजाऱ्याचीच राहू द्यावी. नाहीतर काम आणि क्रोध यांची जोडगोळी आपणच पाळण्यात जोजवल्यासारखे होईल. हल्ली बुंदीच्या जागी मोबाइल आला आहे. तो हाती दिला की पोर क्षणात गप्प होते हे खरे, पण राग कसा आवरावा हे ते शिकलेले नसते; राग आला की मोबाइल मिळतो, एवढे शिकते. आणि मारणे? शाळेत लेकरावर हात उगारायला 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी केली. घराला कायदा लागेपर्यंत आपण का थांबावे? चिडून मारणारा बाप पोराला हेच शिकवतो, की चिडल्यावर मारायचे असते.

उसाला गेलेल्यांच्या लेकरांशी आजी-आजोबांनी खोटे बोलू नये. "आई उद्या येणार आहे" असे सांगून निजवले तर रात्र सुखाची जाते, पण दुसऱ्या दिवसाचा राग दुप्पट असतो. त्यापेक्षा भिंतीवर गेरूने रेघा ओढाव्या. कार्तिकीपासून चैत्री एकादशीपर्यंत दोन्ही धरून अकरा एकादश्या होतात. घरात भगर शिजली की लेकराने एक रेघ पुसायची. सहा महिने हे त्याला कळत नाही. अकरा रेघा कळतात. पट्टा लवकर पडला तर रेघा उरतील, त्याचे कोणाला वाईट वाटणार? आणि फडातून संध्याकाळी फोन येतो त्याची वेळ ठरवावी, ती चुकवू नये. फोनवर पोर बोलले नाही, रुसून बसले, तर आईने फोन ठेवू नये. ताटीबाहेर उभे राहून बोलत राहावे.

राग निवल्यावरचे काम बहुतेक जण विसरतात. ज्याला चावले त्याच्या हातावर फुंकर घालायला लेकराला न्यावे, सांडलेले धान्य आपल्याबरोबर वेचायला बसवावे. नाक घासून माफी मागायला लावू नये. अपमानातून नवा राग उगवतो, हे सुरुचीने दाखवून दिलेच आहे.

एवढे करूनही राग पुन्हा येईल. ज्या ध्रुवाला प्रत्यक्ष नारायण भेटला, त्यालाही आला. मोठेपणी त्याचा भाऊ उत्तम शिकारीत यक्षाच्या हातून मेला, तेव्हा ध्रुव अलकेवर चालून गेला, आणि ज्यांचा काही अपराध नव्हता असे कितीतरी यक्ष त्याने मारले. त्याला थांबवायला कोण आले? त्याचा आजोबा, स्वायंभुव मनू. रणांगणात येऊन म्हाताऱ्याने नातवाला सांगितले, एकाच्या अपराधासाठी इतक्यांना मारलेस, पुरे आता. ध्रुवाने ते ऐकले. लहानपणी मांडी मिळालेली होती, म्हणून मोठेपणी शब्द लागू पडला, असे मला वाटते. भागवतात तसे लिहिलेले नाही. आजोबांच्या शब्दावरून त्याने वैर सोडले म्हणून कुबेर प्रसन्न होऊन "वर माग" म्हणाला. यक्षांच्या राजाचे भांडार समोर उघडे होते. ध्रुवाने हरीची अखंड स्मृती मागितली.