गोडे पाणी

नीतिशास्त्राच्या पुस्तकांत जे प्रश्न असतात ते आपल्या वाट्याला सहसा येत नाहीत. बुडत्या नावेतून कोणाला ढकलावे हे ठरवायची पाळी माझ्यावर अजून आलेली नाही. आमच्या घराण्यात नावेत बसण्याचीच पद्धत नाही. माझ्या नीतीची परीक्षा होते ती 1988 सालच्या प्रीमियर पद्मिनीच्या रेडिएटरपाशी. दर दोन वर्षांनी.

ज्यांच्याकडे जुनी गाडी नाही अशा सुखी जीवांसाठी थोडे सांगतो. इंजिन तापते, म्हणून त्याच्याभोवती पाणी फिरवावे लागते. इथे माणसांचे दोन पंथ पडतात. पहिला पाणीपंथ. हे लोक नळाचे, बोअरचे, हाताशी असेल ते पाणी ओततात आणि रेडिएटर गळू लागला तर त्यात चमचाभर हळद टाकतात. (हसू नका. हळद बारीकसारीक भोके खरोखरच बुजवते. आपल्याकडे जखम म्हटली की हळद, मग ती कोणाची का असेना.) आमचे शेजारी या पंथातले ज्येष्ठ. "अहो, अँटीफ्रीझ म्हणजे न गोठायचं औषध. पुण्यात गोठतं काय, तर खोबरेल तेल!" हा त्यांचा बिनतोड मुद्दा.

दुसरा पंथ कूलंटवाल्यांचा. मी त्यातला. आमचे म्हणणे असे, की प्रश्न गोठण्याचा नाहीच, उकळण्याचा आणि गंजण्याचा आहे. ग्लायकॉल आणि पाणी निम्मे निम्मे घेतले तर ते मिश्रण 106 अंशांच्या आसपास उकळते, आणि रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरसारखे दाब धरून तो आकडा आणखी वर नेते. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या राहिलेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या सहा अंशांची किंमत कळेल. शिवाय पद्मिनीच्या पोटात लोखंड, ॲल्युमिनियम, तांबे, पितळ आणि शिसे-कथलाचा डाग एवढी मंडळी एकाच पाण्यात नांदतात. एकत्र कुटुंबच ते. कोणी ना कोणी कोणाला तरी कुरतडत असणारच. कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये म्हणजे त्या घरातली थोरली काकू. ती मध्ये पडते, स्वतः झिजते आणि बोलत नाही. दोन वर्षांत काकू संपते. हिरवा रंग मात्र तसाच राहतो, त्यामुळे वरून डोकावणाऱ्याला घरात सगळे आलबेल वाटते.

दुकानदार विचारतो, "हिरवं देऊ, लाल का निळं?" रंगावर जाऊ नये. तो कंपनीच्या मर्जीने घातलेला असतो. डब्यावरची बारीक अक्षरे चष्मा पुसून वाचावीत आणि तांब्या-पितळेच्या रेडिएटरला चालणारे जुन्या पद्धतीचेच घ्यावे. नव्या गाड्यांचे पाच-पाच वर्षे टिकणारे औषध म्हाताऱ्या डागाला मानवेलच असे नाही. दोन जातींची भेसळ तर नकोच, आत गठ्ठे धरू शकतात. आणि मिसळायला डिस्टिल्ड वॉटर. बोअरच्या पाण्याचे क्षार आत काय करतात ते आमच्या गिझरला विचारा.

इथवर मी सद्गुणी माणूस आहे. घोळ पुढे आहे.

जुने कूलंट काढले की बादलीत चार-पाच लिटर हिरवे पाणी जमते, आणि हे पाणी गोड असते. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि गुणाने विष. यकृतात त्याचे रूपांतर होत होत शेवटी ऑक्झलेटचे खडे मूत्रपिंडात जाऊन बसतात. कुत्री गोडाला भुलतात. मांजराला तर गोड चव कळतच नाही. पण ते सांडलेल्यातून चालत जाते आणि मग स्वच्छतेची सवय म्हणून पंजे चाटते. चमचाभर पुरते. चांगल्या सवयीपायी जीव जाणे म्हणतात ते हे. (या विषावरचा एक जुना उतारा म्हणजे मद्यार्क. हे मी शेजाऱ्यांना सांगितलेले नाही. ते पंथ बदलतील.)

मेकॅनिक दर वेळी बादली उचलतो आणि गटाराकडे बघतो. गटाराच्या कडेला सोसायटीचा मोत्या पडलेला असतो. उन्हात तो पद्मिनीच्या खाली झोपतो, कारण अचानक निघून जाणार नाही अशी तीच एक गाडी आहे.

आता शेजाऱ्यांचे पाहा. त्यांच्या रेडिएटरमधून निघते ते गंजाचे, हळदीचे, तांबूस पाणी. त्यांचे इंजिन लवकर जाईल, मोत्या मात्र जगेल. माझे इंजिन जगेल आणि मोत्याचे काही सांगता येत नाही. म्हणजे निष्काळजी माणूस निरुपद्रवी, आणि काळजी घेणारा गल्लीला धोकादायक! तेव्हापासून मला लखलखीत घरांची जरा भीतीच वाटते. त्या घरांच्या खिडक्यांखाली काय काय पडलेले असते, ते तळमजल्यावर राहणाऱ्याला ठाऊक. काळजी घेणे म्हणजे त्रास संपवणे, की तो उचलून कुंपणापलीकडे ठेवणे?

पाणीपंथात जावे, तर काकूशिवाय ते घर टिकायचे नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉलचे कूलंट बरेच कमी विषारी असते. ते शोधतो आहे. अमेरिकेतल्या काही राज्यांत या गोड पाण्यात मुद्दाम कडू द्रव्य घालण्याचा कायदा आहे. पाडव्याला गुळात कडुनिंब घालून खाणाऱ्या आपल्या समाजाला हे आधी सुचायला हवे होते.

तूर्त ते पाणी घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून मी माळ्यावर ठेवतो. कॅनवर तांबड्या अक्षरांत 'विष' लिहिले आहे. त्यामुळे काशीहून आणलेला गंगेचा गडू हिने माळ्याच्या दुसऱ्या टोकाला हलवला. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये चौकशी केली. तिथला माणूस म्हणाला, "आणा की साहेब, घेतो." "आणि पुढे त्याचं काय करता?" मी विचारले.

तो खिडकीबाहेर गटाराकडे बघू लागला.

माळ्यावर आतापर्यंत तीन कॅन झाले आहेत. चौथ्याला जागा आहे असे माझे म्हणणे. ही म्हणते, आहे, पण मग पाचव्याच्या वेळी तुम्ही वर झोपायचं.